सिव्हिलच्या पोरांनी आयटीच्या रांगेत उभं राहावं का?

साइटवरचा_दादा
काल आमच्या सोसायटीतला मुलगा भेटला. यंदा सिव्हिलला पास झालाय, पॉइंटर (दहापैकी गुण) साडेसात, एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक नाही. आणि करतोय काय, तर आयटी कंपन्यांच्या परीक्षेसाठी रोज ॲप्टिट्यूडची गणितं. दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो. चार वर्षं काँक्रीट शिकून गडी शेवटी नळाखाली बसलाय!

माझं मत ठाम आहे. पहिली दोन वर्षं साइटवर काढा. अटल सेतू झाला २१.८ किलोमीटरचा, मेट्रो ३ झाली साडेतेहतीस किलोमीटरची, आता पार्ले-मुलुंड-चेंबूरला दर गल्लीत एक जुनी सोसायटी पाडून टॉवर उभा राहतोय. तिथे माणसं लागतात. मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. हातात बारा एमएमच्या सळईचा तुकडा देतो आणि मीटरला वजन किती ते विचारतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. फर्स्ट क्लासवाले तुकडा उलटसुलट करून बघत बसतात.

केटी_सम्राट
दादा, आधी पगार बोला. सेतू आणि मेट्रो बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांत जातात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतो त्यांच्या ठेकेदाराचा ठेकेदार. पंधरा हजार, बारा तास, आणि रविवारी स्लॅब भरायचा असतोच. मी मेकॅनिकलचा, ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. सळईचं वजन मला माहीत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

साइटवरचा_दादा
ऑफर लेटर कुरवाळत आठ महिने घरी बसलेला तूच ना?

केटी_सम्राट
हो, मीच. जॉइनिंगच्या मेलची वाट बघत बसलो. तुमच्या साइटवर दोन-दोन महिने पगार थकतो तेव्हा तुम्हीही वाटच बघता. फक्त उन्हात.

बदलापूरचे_बाबा
मुलांनो, कर्जाचं कोणीच बोलत नाही. कोर्स संपल्यावर एक वर्षाने शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो, व्याज तर आधीपासूनच चढतंय. बँकेला आयटी काय आणि साइट काय. आयटीतही फ्रेशरचं पॅकेज दहा वर्षांपूर्वी साडेतीन लाखांच्या आसपास होतं, आजही तिथेच घुटमळतंय. तेवढ्यात लोकलचा पासही महाग वाटतो. तरी एक तारखेला जमा होतं, एवढंच.

शिकाऊ_उमेदवार
मधला रस्ता कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. केंद्राची पदवीधरांसाठी ॲप्रेंटिसशिप असते, एक वर्षाची. पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या सायनलाच आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० ठरले, त्यातला निम्मा वाटा केंद्र देतं. मी केली. आकडा ऐकून आईने तोंड फिरवलं होतं.

पण जे शिकलो ते शिकलोच. काँक्रीटचे १५० एमएमचे क्यूब भरायचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून ताकद बघायची, हे पुस्तकात होतं. गाडीतून स्लॅबवर जातं ते काँक्रीट वेगळं आणि क्यूबमध्ये मुद्दाम जास्त सिमेंट घालून भरतात ते वेगळं, हे नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, 'इंजिनिअरसाहेब, तुम्ही फक्त तारीख घाला.' मी नाही घातली. महिनाभर मला कोणी चहा विचारला नाही.

केटी_सम्राट
आणि वर्षानंतर? १९६१ च्या कायद्यात शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे. वर्ष संपलं की ठेवायलाच हवं असं कंपनीवर बंधन नाही.

शिकाऊ_उमेदवार
नाही ठेवलं. पण त्या सर्टिफिकेटवर दुसरीकडे लागलो, क्वालिटीला. मुलाखतीत क्यूबचंच विचारलं.

प्राजक्ता_मुलुंड
इथे सगळे 'पोरांनी' काय करावं ते सांगताय. मी सिव्हिल, पॉइंटर ८.४. दादा, तुमचा सळईवाला प्रश्न मला तीन ठिकाणी विचारला, तिन्ही ठिकाणी बरोबर सांगितला. पुढचा प्रश्नही तिन्ही ठिकाणी तोच. 'रात्री कास्टिंग, म्हणजे काँक्रीट भरणं, असलं तर घरचे सोडतील का?' मग म्हणे ऑफिसात बिलिंगला बसा. बिलिंग करायला माझी ना नाही, पण साइट न बघता बिल कशाचं काढू? सहा महिने हेच चाललंय. आता आयटीचा फॉर्म भरलाय. नळाचं गणितही येतं मला.

साइटवरचा_दादा
प्राजक्ता, यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर आमच्याही साइटवर बायकांसाठी एकच टॉयलेट आहे, आणि त्याची किल्ली स्टोअरकीपरकडे असते.

प्राजक्ता_मुलुंड
स्टोअरकीपर किती वाजता घरी जातो?

साइटवरचा_दादा
सहाला.

प्राजक्ता_मुलुंड
आणि कास्टिंग?

साइटवरचा_दादा
रात्री साडेनऊनंतर सुरू होतं.