स्पोर्ट्स कार चपळ हवी? आधी वजन काढा, घोडे नंतर मोजा

गिरगावचा गिअर (धागाकर्ता)

एका मित्राने जुनी पॉर्शे बॉक्स्टर घेतली आहे. २.७ लिटरची, सुमारे २४० घोडे (म्हणजे हॉर्सपॉवर), वजन १,३०० किलोच्या आसपास. महिना होत नाही तोच साहेबांना गाडी सुस्त वाटायला लागली. मग ट्यूनिंग, नवा एक्झॉस्ट, जमलंच तर टर्बो, असा खर्चाचा पाढा सुरू झाला. मी म्हटलं, इंजिनावर एक रुपया घालू नकोस, आधी वजन काढ. यावरून आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, म्हणून विषय इथे आणतोय.

माझं म्हणणं असं की मुंबईत ताकद वापरताच येत नाही. सी लिंक आणि कोस्टल रोडवर मर्यादा ताशी ८०, अटल सेतूवर १००, आणि उरलेल्या शहरात तिसरा गिअर पडला तर नशीब. २४० चे ३०० घोडे केले तरी ते वरचे साठ पळवणार कुठे? हलकेपणा मात्र ताशी ४० लाही कळतो. जेजे उड्डाणपुलाच्या नागमोडी वळणांवर कळतो, केम्प्स कॉर्नरला कळतो, सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या पन्नास मीटरमध्ये कळतो. वाढीव घोडे फक्त वेग घेताना कामाला येतात. घटलेलं वजन वेग घेताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा.

हिशेब करून बघा. १,३०० मधून ८० किलो गेले, तर तेवढाच फरक इंजिनातून काढायला ते २५५ घोड्यांच्या आसपास न्यावं लागेल. म्हणजे पंधरा घोडे हाती आले आणि तेही पेट्रोल न पिणारे. शिवाय टायरवर भार वाढतो तशी पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून तोच टायर हलक्या गाडीखाली किलोमागे जास्त पकड देतो.

लोटस या इंग्लिश स्पोर्ट्स कार कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याने उभी कंपनी याच हट्टावर चालवली. त्याच्या पश्चात १९९६ मध्ये आलेली पहिली एलिस घ्या. अॅल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेली चासी (गाडीचा सांगाडा) ६८ किलोची, आख्खी गाडी सव्वासातशेच्या घरात, इंजिन फक्त ११८ घोड्यांचं. आणि खुद्द पॉर्शेने २०१० च्या सुमाराला बॉक्स्टर स्पायडर काढली ती १,२७५ किलोंची, बॉक्स्टर एस या नेहमीच्या मॉडेलपेक्षा ८० किलो कमी. आत दार उघडायला कापडी पट्टा, छप्पर हाताने लावायचं, रेडिओ आणि एसी हवे असतील तरच मागून घ्यायचे. कारखान्याने केलं ते आपण कालिन्याच्या गॅरेजांत का करू नये?

कालिन्याचा पाना

कारण कारखान्याकडे इंजिनिअर होते, आमच्याकडे पाना आहे.

सीएसटी रोडवर हाच धंदा करतो म्हणून सांगतो. वजन काढायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला हात सीटवर जातो. चूक नाही त्याची, मोटरवाली सीट पंचवीस किलोच्या आसपास भरते, बकेट सीट (रेसच्या गाडीसारखी हलकी, एकसंध) आठ-दहा. चार बोल्ट काढून सीट मागे कलती केली की खाली पिवळा कनेक्टर दिसतो. पिवळा म्हणजे एअरबॅगची लाईन. बॅटरी न सोडता तो उपटला की डॅशबोर्डवर लाल दिवा, आणि तो पेटलेला असताना उरलेल्या एअरबॅगचाही भरवसा धरू नका. मग कुणीतरी दीडशहाणा वायरला रेझिस्टर जोडून दिवा विझवून देतो. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूष, आणि सीटमधली एअरबॅग भंगारवाल्याच्या काट्यावर.

दुसरा हात जातो आवाज दाबायला पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी शीटवर. ड्राय आइस टाकून थंड करतात आणि हातोडीने ठोकतात, खपल्या सुटतात. व्हिडिओत फार छान दिसतं. खपली हट्टी निघाली की पोरगं छिन्नी घेतं, छिन्नी रंग घेऊन जाते, आणि जून उजाडला की गालिच्याखाली गंज. एकाने उन्हाळ्यात सगळं काढून नेलं होतं. पावसाळ्यात तेच परत बसवायला आला. काढायचे पैसे मी घेतले होते, बसवायचे त्याच्या दुप्पट घेतले. धंदा म्हणून माझी हरकत नाही.

रेवती_पार्ले

एसीबद्दल कुणी बोलणार आहे का? बाहेर धो धो पाऊस आणि आत दोन माणसांचे श्वास असताना समोरची काच किती मिनिटांत धुरकट होते ते एकदा मिलन सबवेच्या रांगेत उभं राहून बघा. एसी हवा कोरडी करतो म्हणून काच साफ राहते. तो काढून पंधरावीस किलो वाचवायचे आणि मग एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने फडकं. याला चपळ गाडी म्हणत असाल तर म्हणा. ती स्पायडर जर्मनीतल्या ऑगस्टसाठी होती, आपल्या ऑगस्टसाठी नव्हे.

गिरगावचा गिअर

रेवतीताई, एसी काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. स्पायडरमध्ये काय काय नव्हतं ते सांगितलं. आणि पाना, तुमचा मुद्दा कामाच्या पद्धतीवर आहे, वजन काढण्यावर नाही. छिन्नी लावणारं पोरगं इंजिनालाही तसाच हात लावेल, आणि तिथे बिल दहापट येईल.

जडत्व

धागाकर्त्याचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण त्यात सगळे किलो एका भावाचे धरलेत. गाडीत प्रत्येक किलोचा भाव वेगळा असतो.

चाक, टायर, ब्रेक, हब मिळून एका कोपऱ्यावर ४० किलो धरू. चार कोपऱ्यांचे १६०. हे स्प्रिंगच्या खालचं वजन. वर उरले १,१४०. म्हणजे वरचं आणि खालचं प्रमाण साधारण ७.१ ला १. आता सीट, शीट, गालिचे असे ८० किलो वरून काढले की वर राहिले १,०६० आणि प्रमाण आलं ६.६ वर. चाक खड्ड्यातून उसळतं तेव्हा तेच चाक आता हलक्या बॉडीला धक्का देतंय. मरीन ड्राइव्हच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी तल्लख वाटेल, आणि सायनच्या पुढे कुठेही कंबर बोलायला लागेल. स्प्रिंगवरचा भार घटल्याने गाडी पाच-सात मिलीमीटर वर येईल ते वेगळंच. (आपले गतिरोधक बघता हा एकच फायदा निर्विवाद.) पण स्प्रिंग आणि डँपर (म्हणजे शॉक) जुन्या वजनासाठी बेतलेले, त्यामुळे हलक्या बॉडीला ते कडक पडणार.

म्हणून काढायचंच तर खालून काढा. टायरच्या कडेचं एक किलो गाडीबरोबर पुढे जातं आणि वर गोलही फिरतं, त्यामुळे वेग घेताना ते जवळपास दोन किलोंएवढं जाणवतं. मित्राच्या गाडीला १८ किंवा १९ इंची चाकं असतील तर १७ इंचीवर या. या गाडीच्या २.७ लिटरवाल्या मॉडेलला मुळात १७ इंचीच येत, त्यामुळे ब्रेक आड येणार नाहीत. चाक हलकं, टायरची भिंत उंच, रिम वाकायची भीती कमी. पण दिसायला १९ इंची भारी म्हणून हे कुणी करत नाही. इथल्या निम्म्या लोकांनी शोसाठी मोठी अलॉय घालून गाडीचं वजन स्वतःच वाढवून घेतलेलं असतं आणि नंतर सुस्त वाटते म्हणून एक्झॉस्ट शोधत हिंडतात.

अजून एक, इंजिन पुढे असलेल्या हॅचबॅकवाल्यांसाठी. मागची सीट आणि स्टेपनी काढली की वजन जातं फक्त मागून. गाडी आधीच नाकाकडे जड, ती अजून नाकाकडे जड होते आणि वळणात पुढची चाकं सरळ पळू बघतात. डिकीतलं ओझं गेल्याने दिशा चटकन बदलते हे खरं, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आरटीओग्रस्त

कायद्याचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसी काढून बघा, त्यावर गाडीचं रिकामं वजनही असतं आणि आसनसंख्याही. हॅचबॅकची मागची सीट काढून फिरणारे वीर पाच आसनांच्या आरसीवर दोन आसनांची गाडी चालवत असतात.

गिरगावचा गिअर

बॉक्स्टरला मुळात दोनच सीट, दोनच राहणार. बॅटरी बदलली, चाकं कंपनीच्याच मापाची घातली तर कुठला इन्स्पेक्टर काय पकडणार आहे?

आरटीओग्रस्त

इन्स्पेक्टर नाही पकडणार. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो ना, तो पकडतो. एअरबॅगवाली सीट कुठे गेली हे त्याला समजावून सांगा.

बोरिवलीचे काका

मित्राचं स्वतःचं वजन किती? ८० किलोंच्या गप्पा चालल्यात, त्यातले पंधरा मॉर्निंग वॉकमध्ये जातील. (हलके घ्या.)

बाकी हलक्या टू-सीटरचं कौतुक आपल्या लोकांना तोंडापुरतंच. गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, फायबरची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन, छप्पर उघडं. किती जणांनी घेतली? आणि आमच्या कुर्ल्यात बनलेली फियाट पॅलिओ १.६, चांगली वजनदार, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. खंडाळ्याच्या घाटात ती जशी रस्त्याला धरून बसायची तशी अजून कुठली गाडी बसलेली मी पाहिली नाही. वजन म्हणजे दोष नव्हे.

वेगळा_सूर

काकांशी सहमत आणि पुढे जाऊन बोलतो. हलकेपणाचा आता पंथ झालाय. चॅपमनचं नाव घ्यायचं, आरती म्हणायची. १९७० ची मोन्झाची फॉर्म्युला वन शर्यत कुणी सांगत नाही. सरावात लोटसचा चालक योखेन रिंट लोटस ७२ मध्ये अपघातात मरण पावला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. कडेचं रेलिंग नीट बसवलेलं नव्हतं हेही खरं, पण लोटस नाजूक असतात ही तक्रार रिंट स्वतः आधीपासून करत होता. ग्रॅम ग्रॅम खरवडत गेलं की कधीतरी जो ग्रॅम हवा होता तोही जातो.

आणि आजच्या गाड्या बघा. २०२४ ची बीएमडब्ल्यू एम५, सुमारे २,४०० किलो, ७२७ घोडे, शून्यापासून ताशी शंभरला साडेतीन सेकंद. कुठे अडलं वजनामुळे?

गिरगावचा गिअर

एम५ चं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. साडेतीन सेकंद कुठे मोजणार, वांद्र्याच्या टोलनाक्यावर? ती वेगवान आहे, मी चपळ म्हणतोय. २,४०० किलोंना वळवायला मागची चाकंसुद्धा वळवावी लागतात, तशी सोय त्यांनी केलीय, आणि ती सोयही वजनातच मोजली जाते.

रिंटचा मुद्दा गंभीर आहे, टाळत नाही. पण रेसच्या गाडीचा ब्रेक शाफ्ट बारीक करणं आणि रस्त्यावरच्या गाडीतून लेड-अॅसिड बॅटरी काढून लिथियमची घालणं यात फरक करा की. जो भाग भार पेलतो त्याला हात लावायचा नाही, ही रेघ मी पहिल्यापासून धरून आहे. बॅटरीत दहा-बारा किलो सहज जातात. डिकीत नेहमीची छत्री, टूलबॉक्स, पाण्याचा क्रेट, क्रिकेटचं किट यात किती जातात ते ज्याचं त्याने बघावं.

वेगळा_सूर

रेघ धरून आहात, पण मूळ धाग्यात ती कुठेच नाही. तिथे सरसकट ‘आधी वजन काढ’ आहे. आणि माझा अनुभव असा की जुनी गाडी सुस्त वाटते तेव्हा दहातल्या नऊ वेळा वजनाचा संबंध नसतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर बुश मेलेले असतात, शॉक गळत असतात, टायर पाच वर्षांचे दगड झालेले असतात, चाकांची अलाइनमेंट शेवटची कधी केली ते मालकाला आठवत नसतं. बॉक्स्टर कारखान्यातून निघाली तेव्हा सुस्त नव्हती. आधी ती होती तशी तरी करा.

जडत्व

+१. हे मी आधी लिहायला हवं होतं इतकं उघड आहे. बुश आणि शॉक नवे झाले की मग चाकं बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

गिरगावचा गिअर

बुश बदलून झालेत, पावत्या मी पाहिल्यात. शॉक बघायचे आहेत. मित्र हा धागा वाचतोय. १७ इंची चाकं आणि बॅटरी यावर तो तयार आहे. सीटवरून आमची भांडणं चालू आहेत, त्याला बकेट हवीच आहे आणि पानांनी त्याला घाबरवून ठेवलंय. पण टर्बोचं नाव आठवडाभर निघालेलं नाही, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

रेवती_पार्ले

आणि एसी?

गिरगावचा गिअर

राहतोय, ताई. राहतोय.

कालिन्याचा पाना

१७ इंचीचा ओरिजिनल जोड बाजारात क्वचितच येतो, आला की सांगतो. पण घेण्याआधी चारही रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दिसायला सरळ आणि फिरवली की डुलणारी रिम या बाजारात पैशाला पासरी आहे. आणि सीटचं म्हणाल तर मी घाबरवलं नाही, पिवळा कनेक्टर दाखवला. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर सीट मूळचीच ठेवा, मोटर काढून हाताने सरकणारी रूळपट्टी मिळते का बघू. आठवड्याभरात दुकानावर या, पण दुपारी चारनंतर, त्याआधी रस्त्यावर गाडी उभी करायला जागा नसते.