बावीस गिऱ्हाइकं, एक व्हीपीएस: सुरक्षित मांडणी कशी करावी?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. म्हापशाहून होस्टिंगचं छोटं काम चालतं, बावीस साइट आहेत. तीन कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या हॉटेलांच्या, बुकिंग फॉर्मसकट. बाकी होमस्टे, दोन दवाखाने, एक देवस्थान, एक शाळा. सगळं वर्डप्रेस. आतापर्यंत रीसेलर खात्यावर (दुसऱ्या कंपनीची होस्टिंगची जागा घेऊन पुढे द्यायची) होतं, आता मुंबईच्या डेटा सेंटरमधला स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय: ४ कोअर, ८ जीबी रॅम, १६० जीबी एसएसडी. उबुंटू २४.०४, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा), मारियाडीबी (डेटाबेस). सर्व्हर सांभाळायचं कंट्रोल पॅनेल घेतलेलं नाही, लायसन्सचा खर्च झेपत नाही.

यूएफडब्ल्यू (फायरवॉल), फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे आयपी अडवणारा) आणि लेट्स एन्क्रिप्ट (एचटीटीपीएसची फुकट सर्टिफिकेटं) लावून झालं. अडलंय ते असं: एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सेवेच्या) फाइलीत पोर्ट २२२२ लिहून सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी उत्तर २२ वरच येतं. पासवर्डचं लॉगिन 'नो' केलं, तरी पासवर्ड विचारतोच. दुसरं, सगळ्या साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या एकाच युजरखाली चालतात, ते बदलायलाच हवं का? बॅकअप ऑफिसातल्या मशीनवर ठेवला तर चालेल? कायद्याचं काही बघावं लागतं का? नोव्हेंबरात सीझन सुरू व्हायच्या आत सगळं हलवायचंय.

मांडवी_पॅकेट
डिचोलीकर बाब, एका युजरचा प्रश्न आधी घेतो, कारण खरं भोक तिथे आहे. बावीसपैकी एका होमस्टेच्या साइटवर दोन वर्षं अपडेट न केलेलं स्लायडर प्लगइन असणारच. त्यातून कुणी एक पीएचपी फाइल आत टाकली की ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणून चालते आणि बावीसही साइटच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइली) वाचते. म्हणजे बावीस डेटाबेसचे पासवर्ड गेले. फायरवॉल इथे काहीच करत नाही. तो माणूस तुम्हीच उघडलेल्या ४४३ मधून (एचटीटीपीएसच्या पोर्टमधून) आलेला असतो.

प्रत्येक साइटला स्वतंत्र लिनक्स युजर द्या, त्या युजरचा स्वतंत्र एफपीएम पूल (पीएचपीच्या प्रोसेसचा गट) आणि फक्त त्याच डेटाबेसवर हक्क असलेला मारियाडीबी युजर. पूलचं सॉकेटही (एनजिनएक्स ज्यातून पूलशी बोलतो ती फाइल) वेगळं, त्याचा मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि मोड (हक्कांचा आकडा) ०६६०, म्हणजे एनजिनएक्स सोडून दुसरं कुणी त्याच्याशी बोलणार नाही. साइटच्या सर्वांत बाहेरच्या फोल्डरचा मालक गिऱ्हाइकाचा युजर, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, मोड ७५०. शेजारच्या गिऱ्हाइकाचा युजर या ग्रुपात नसतो, त्यामुळे तो उंबऱ्यावरच अडतो. डब्ल्यूपी-कॉन्फिगला थेट ६००; ती फाइल एनजिनएक्सला वाचावी लागतच नाही, पीएचपी वाचतं आणि पीएचपी मालकाच्या नावाने चालतंय.

इतकं करूनही एक फट राहते, ती फारसं कुणी बुजवत नाही. एकाच एफपीएम मास्टरखालचे सगळे पूल ऑपकॅशची (तयार पीएचपी कोड साठवणाऱ्या कॅशची) मेमरी वाटून घेतात, म्हणजे एका साइटचा साठवलेला कोड दुसरीच्या हाती लागू शकतो. पीएचपी डॉट आयएनआयमध्ये 'ऑपकॅश डॉट व्हॅलिडेट_परमिशन' १ करा, मुळात ते ० असतं.

अपलोड्स फोल्डरात पीएचपी चालू देऊ नका. पण ते अडवणारा लोकेशन ब्लॉक (एनजिनएक्सच्या फाइलीतला पत्त्यानुसार नियम) पीएचपीच्या सर्वसाधारण ब्लॉकच्या वर लिहा. एनजिनएक्स रेजेक्सचे (नमुना जुळवणारे) ब्लॉक फाइलीतल्या क्रमाने तपासतो आणि पहिला जुळला की थांबतो. खाली लिहिलात तर नियम दिसायला आहे, कामाला नाही.

आता मेमरी. ८ जीबीतून मारियाडीबीच्या बफर पूलला (डेटा मेमरीत धरायच्या जागेला) २ जीबी, सिस्टिम आणि फाइल कॅशला दीड. उरले साडेचार. वर्डप्रेसची एक प्रोसेस सरासरी ७० एमबी धरा. एकोणीस साध्या साइटना 'मॅक्स चिल्ड्रन' (एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस) २, तीन हॉटेलांना ८, एकूण ६२ प्रोसेस, साधारण ४.३ जीबी. प्रोसेस मॅनेजर 'ऑनडिमांड' (गरज पडेल तेव्हाच प्रोसेस) ठेवा, आयडल टाइमआउट १० सेकंद. प्रत्येक साइटला सरसकट १० देऊन ठेवले तर एखाद्या शनिवारी बॉट एकदम चार साइटवर तुटून पडतात, मेमरी संपते आणि कर्नल सगळ्यात जाडी प्रोसेस मारतो. ती बहुतेक वेळा मारियाडीबी असते, म्हणजे एकाच्या पायी बावीसही साइट बंद.

एसएसएचचं कोडं सोपं आहे. २४.०४ मध्ये पोर्टवर एसएसएच नव्हे, सिस्टिमडीचं (सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) सॉकेट बसलेलं असतं. पोर्ट बदलल्यावर 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' आणि मग 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करा. नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नाही. पासवर्डचं म्हणाल तर 'एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी' फोल्डरात '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल सापडेल, त्यात 'येस' लिहिलेलं असेल. एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतो आणि तो फोल्डर मुख्य फाइलीच्या अगदी वरच वाचला जातो, म्हणून तुमचं 'नो' पोचतच नाही. 'एसएसएचडी' कॅपिटल 'टी' देऊन चालवलंत की खरोखर लागू असलेली मूल्यं छापून येतात. हे सगळं करताना जुनं सेशन बंद करू नका, आणि नवा पोर्ट यूएफडब्ल्यूमध्ये आणि प्रोव्हायडरच्या फायरवॉलमध्ये आधी उघडा.

शून्य_पोर्ट
वरचं सगळं मान्य, पण पोर्ट बदलण्याला माझ्या लेखी किंमत नाही. लॉगमधला कचरा कमी होतो, तेवढंच. फक्त चावीने लॉगिन ठेवलंत की एसएसएचसाठी फेल२बॅनचीही तशी गरज उरत नाही. वर्डप्रेसच्या लॉगिनवर तो लावणार असाल तर जपून. हॉटेलचा सगळा स्टाफ एकाच ब्रॉडबँडच्या आयपीमागे असतो. रिसेप्शनवर कुणी पाच वेळा पासवर्ड चुकवला की अख्ख्या हॉटेलला स्वतःची साइट दिसेनाशी होते. मोबाइलवर तर एका आयपीमागे किती माणसं असतील सांगता येत नाही. त्यापेक्षा लॉगिन पानावर एनजिनएक्सचा 'लिमिट_रेक्' (विनंत्यांच्या वेगावर मर्यादा) लावा आणि एक्सएमएल-आरपीसी (वर्डप्रेस बाहेरून चालवायचा जुना मार्ग) बंद करा. जेटपॅक प्लगइन वापरणाऱ्या साइटला मात्र ते लागतं. समोर क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहणारी प्रॉक्सी सेवा) घेतलंत तर आधी 'रिअल आयपी' (येणाऱ्याचा खरा आयपी ओळखायची सेटिंग) नीट बसवा, नाहीतर फेल२बॅन क्लाउडफ्लेअरलाच हाकलतो.

सर्टिफिकेटचं जरा सविस्तर. लेट्स एन्क्रिप्टची मुदत ९० दिवस, सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) ३० दिवस उरले की नवं आणतो. वेबरूट पद्धत (पडताळणीची फाइल साइटच्या फोल्डरात ठेवणारी) वापरत असाल तर नवी फाइल डिस्कवर येते, पण एनजिनएक्स मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो. डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की चालणाऱ्या आज्ञेत) एनजिनएक्स रीलोड घाला. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलीय, तेव्हा बाहेरून रोज तपासणारी स्क्रिप्ट स्वतःची हवी. तीही डिस्कवरची फाइल बघणारी नको, ४४३ वर जोडून तारीख वाचणारी हवी.

साइट हलवताना हमखास फसतं ते एएएए रेकॉर्डवर (डीएनएसमधला आयपीव्ही६ पत्ता). ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्ता) नव्या आयपीकडे वळवला, जुन्या होस्टचा आयपीव्ही६ तसाच राहिला. ब्राउझरला साइट कधी नवी दिसते, कधी जुनी. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ ला आधी विचारतो, जुना सर्व्हर ४०४ देतो, पडताळणी फसते. तुम्ही परत परत प्रयत्न करता आणि एका नावाला तासात ५ फसलेले प्रयत्न झाले की तिथेच थांबावं लागतं. म्हणून पहिली खेप 'ड्राय-रन' (नुसती चाचणी) घालून करा, आणि डीएनएसचा टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद धरायचं तो आकडा) आदल्या दिवशीच ३०० वर आणून ठेवा.

अजून एक, डिफॉल्ट सर्व्हर ब्लॉक स्वतः लिहा. तो नसेल तर अनोळखी नावाने किंवा नुसत्या आयपीने येणाऱ्याला एनजिनएक्स पहिल्या फाइलीतली साइट देतो. देवस्थानच्या पत्त्यावर बीच रिसॉर्टचं सर्टिफिकेट दिसलं की फोन येणारच. ४४३ च्या डिफॉल्ट ब्लॉकमध्ये 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन' पुरे, ८० वर ४४४ (उत्तर न देता जोडणी तोडणं). टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धतेच्या) १.२ आणि १.३ आवृत्त्या एवढंच ठेवा. एचएसटीएस (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएस वापरायला लावणारा नियम) लावताना आधी ३०० सेकंद, महिनाभर काही बोंब आली नाही तर वाढवा. 'इन्क्लूड सबडोमेन्स' हॉटेलवाल्यांना विचारल्याशिवाय नको. त्यांचं जुनं रूम सॉफ्टवेअर एखाद्या सबडोमेनवर साध्या एचटीटीपीवर चालत असतं.

डिचोलीकर
'५०-क्लाउड-इनिट'मध्ये खरंच 'येस' होतं. एसएसएच मार्गी लागलं, दहा साइटचे पूलही वेगळे झाले. आता गिऱ्हाइकांच्या डिझायनरना फक्त एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली चढवणं) द्यायचंय. क्रूट (युजरला एकाच फोल्डरात कोंडणं) लावला तर जोडणी लगेच तुटते, लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी'.

मांडवी_पॅकेट
क्रूट केलेलं फोल्डर आणि त्याच्या वरचं प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचं हवं, ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याचा हक्क नको. तुम्ही गिऱ्हाइकाच्या मालकीच्या फोल्डरलाच क्रूट केलंय. वर एक रूटच्या मालकीचं, ७५५ मोडचं फोल्डर करा, साइट त्याच्या आत एक पायरी खाली ढकला आणि मी सांगितलेला ७५० त्या आतल्या पायरीवर ठेवा. 'फोर्सकमांड'ला 'इंटर्नल-एसएफटीपी' द्या, टीसीपी फॉरवर्डिंग बंद करा. नाहीतर शेल नसलेला माणूसही बोगद्यातून तुमच्या मारियाडीबीच्या ३३०६ पर्यंत पोचतो.

पूल वेगळे करताना सेशनचं फोल्डरही प्रत्येकाला वेगळं दिलंत ना? मग ते साफ करायचं काम आता तुमच्या गळ्यात. डेबियन-उबुंटूत पीएचपी स्वतः जुनी सेशन उचलत नाही, ते काम ठरलेल्या वेळी चालणारी एक स्क्रिप्ट करते आणि ती पूलच्या फाइलीतला वेगळा रस्ता बघत नाही. बुकिंग प्लगइन प्रत्येक बॉटलाही सेशन देतं, फाइल शून्य बाइटची असली तरी एक आयनोड (डिस्कवरची फाइलीची नोंद, तिची संख्या मर्यादित असते) खाते. काही महिन्यांनी 'नो स्पेस लेफ्ट' येतं आणि 'डीएफ' (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) मात्र निम्मी डिस्क रिकामी दाखवतो. 'डीएफ डॅश आय' बघा, तिथे १०० टक्के दिसेल. दिवसापेक्षा जुन्या सेशन फाइली उडवणारा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) आजच लावून टाका.

रात्रपाळी
बॅकअप आणि कायदा राहिलाय, तो मी घेतो.

ऑफिसातलं मशीन तिसरी प्रत म्हणून ठीक, एकुलती म्हणून नको. जूनमध्ये म्हापशात वीज कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको. कडकडाट झाला की राउटर आणि नेटवर्क कार्ड पहिले जातात, इन्व्हर्टर त्यापासून वाचवत नाही. दुसरं, ऑफिसातून परत चढवायला अपलोडचा वेग लागतो. ६० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला पावणेसात तास लागतात, तेही लाइन पूर्ण भरून चालली तर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलवाला पावणेसात तास थांबणार नाही. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या प्रोव्हायडरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर ठेवा. व्हीपीएसवाल्याचा स्नॅपशॉट सोयीचा असतो, पण तो त्याच खात्यात असतो. खातं गेलं की दोन्ही गेले.

मुख्य पथ्य हे: सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याची चावी असता कामा नये. रेस्टिक (बॅकअपचा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा रेस्ट-सर्व्हर 'अपेंड-ओन्ली'ने (भर घालता येते, पुसता येत नाही) चालवा, जुन्या प्रती कापणं दुसऱ्या मशीनवरून. ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या, ६ महिन्यांच्या एवढ्या ठेवा. घुसलेली फाइल अनेकदा आठवडे निपचित पडून असते. सातच प्रती असतील तर सातही दूषित. मायएसक्यूएल डंप (डेटाबेसची प्रत) 'सिंगल-ट्रान्झॅक्शन'ने (सगळी प्रत एकाच क्षणाची) घ्या, पण ते फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांना लागू पडतं. जुन्या प्लगइनचे मायआयसॅम या जुन्या प्रकारचे टेबल असतील तर आधी बदला. आणि महिन्याला एक साइट निवडून रिकाम्या मशीनवर खरोखर उभी करून बघा, घड्याळ लावून.

कायदा: सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची. क्रोनीत (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामात) त्यांचे सर्व्हर घातले की शेवटचं झालं. गिऱ्हाइकाची नोंदणीची माहिती ५ वर्षं ठेवायची अट डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएस देणाऱ्यांना आहे. तुम्ही पुढे कुणाला व्हीपीएस विकायला लागलात तर ती थेट तुमच्यावर येते, तेव्हा नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी आणि तारखा आतापासूनच एका वहीत लावा. लॉगमध्ये मात्र उबुंटूचा डिफॉल्ट फसवतो: एनजिनएक्सचे १४ दिवस, ऑथ लॉगचे (लॉगिनच्या नोंदींचे) ४ आठवडे. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग काढून टाकणाऱ्या प्रोग्रामात) वाढवा आणि रोजची प्रत सर्व्हरबाहेर न्या, कारण घुसणारा आधी लॉगच पुसतो.

शून्य_पोर्ट
एक राहिलं, मेल. मेल सर्व्हर या मशीनवर चालवूच नका. बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद करा, बुकिंगची मेल ५८७ वरून रिलेने (दुसऱ्या मेल सेवेमार्फत) पाठवा. एक साइट हॅक होऊन रात्रभर स्पॅम सुटला तर आयपी काळ्या यादीत जातो आणि त्या आयपीवरून मेल पाठवणाऱ्या सगळ्यांची मेल अडकते. रिलेनंतरही हॉटेलची मेल स्पॅममध्ये गेली तर फॉर्म उघडून बघा: 'फ्रॉम'मध्ये पाहुण्याचाच जीमेल पत्ता घातलेला असतो, मग डीमार्क ('फ्रॉम'चं डोमेन खरं आहे का याची तपासणी) फसणारच. 'फ्रॉम' हॉटेलच्या डोमेनचा ठेवा, पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'त.

हलवायचा क्रम: आधी शाळा आणि होमस्टे, मग दवाखाने, हॉटेलं शेवटी. गणेशचवथीच्या आठवड्यात काही हलवू नका, अडलं तर फोन उचलायला कुणी नसतं. जुनं रीसेलर खातं शेवटच्या साइटनंतर १५ दिवस चालू ठेवा, पण तिथले बुकिंग फॉर्म साइट हलवली त्याच दिवशी बंद करा. जुना डीएनएस धरून बसलेल्या कुणाचं तरी बुकिंग तिकडे पडतं, आणि ते १६ व्या दिवशी खात्यासकट नाहीसं होतं.