रात्री आठची वेळ आणि प्रश्नांची मेख

आपल्या मतदारसंघातल्या विधानसभेच्या सगळ्या उमेदवारांना प्रश्न विचारायला रात्री आठला ऑनलाइन लाइव्ह बसवू, तासाभरात आटपेल, अशी सूचना आली आहे, ती चांगली आहे. पण भाऊ, त्या वेळी आपल्याकडे कित्येक जण रात्रीच्या लाइनीवर (शेतीपंपाच्या विजेवर) हरभऱ्याचं ओलित करायला वावरात असतात, आणि वावरात रेंज कुठली? लाइव्ह घ्याच, पण नंतर नुसता आवाज लहान तुकडे करून व्हॉट्सॲपवर सोडा. बाया कापूस वेचता वेचता ऐकतील.

खरी मेख प्रश्नांत आहे. ‘सोयाबीनला भाव देणार का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतील. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं (२०२४-२५ ला क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता), त्यात एकटा आमदार काय करणार? त्यापेक्षा विचारा, सीसीआयचं (केंद्राच्या कापूस महामंडळाचं) कापूस खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हावं म्हणून काय पाठपुरावा करणार? कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत येते, त्याचं काय? वावरात जायचे पांदण रस्ते, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे, हेही आलंच.

बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, अपक्षांनाही तेवढाच वेळ द्या. सूत्रसंचालक बाहेरच्या तालुक्यातले निवृत्त गुरुजी बरे. इथला कोणीही घेतला तरी तो कोणाचा तरी साळा निघतोच! मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो, म्हणून आठवडाभर आधीच उरका. कोणी आलाच नाही तर त्याची चौकट रिकामी दाखवा, त्याचा कार्यकर्ता बसवू नका.