लोन ॲपचं जुनं कर्ज, मेसच्या पैशात कसं फेडू?

नागपूरला नंदनवनात रूम करून शिकून राह्यलो. फर्स्ट इयरला दोन ॲपवरून 5000 अन् 3000 घेतले होते, 15 दिवसांची मुदत, फी आधीच कापलेली, आता 14000 सांगून राह्यले. घरून महिन्याला 6000 येतात. काल रात्री साडेनऊला बाबांना फोन केला ॲपवाल्यांनी. बाबांनी मला फक्त 'जेवला का' विचारलं.

उत्तर १: भाऊ, पहिले ॲपमागे कोणती एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी) आहे ते आरबीआयच्या यादीत बघ. नसेल तर आरबीआयच्याच सचेत पोर्टलवर तक्रार टाक. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी अन् संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, आरबीआयचा 2022 चा नियम आहे, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवच. फोटो एडिट करून धमकी दिली तर लगेच 1930, सायबर हेल्पलाइनला फोन.

उत्तर २: हे फेडायला तिसरं ॲप घेऊ नको, मी तेच केलं अन् वर्षभर अडकलो. आधी लहानवालं पूर्ण फेडून टाक, सेटलमेंट (कमी पैशात मिटवणं) केलं तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डमध्ये, 'सेटल्ड' दिसतं, पुढे एज्युकेशन लोनला त्रास होतो. जे ठरेल ते ईमेलवर घे, एनओसी (कर्ज संपल्याचं पत्र) आल्याशिवाय सोडू नको. अन् बाबांशी बोल बाप्पा, त्यांना माहीतच आहे आता.

प्रश्नकर्ता: शनिवारी गावी जाऊन राह्यलो, समोर बसूनच सांगतो.