समेट म्हटलं की नावं घ्यावी लागतात

‘शांतीच्या प्रार्थना म्हणजे दोन्ही बाजूंना गोड लागेल असं गुळमुळीत बोलणं’ असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मं पटतं. कोल्हापुरात आमच्या चर्चमध्येही ‘देशात शांती नांदो’ आलं की निम्मे डोळे मिटलेले, निम्मे घड्याळाकडे. पण मराठी बायबलातला शब्द ‘समेट’ आहे, आणि आमच्याकडं तो बांधाच्या भांडणात वापरतात. कुणी किती फूट मागं सरकायचं हे ठरल्याशिवाय समेट होत नसतो.

जर्मनीतल्या बर्लिनचं उदाहरण बघा. तिथल्या एका चर्चचं नावच समेटाचं होतं (हो, खरंच). १९६१ साली पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत उभी राहिली आणि ते नेमकं सीमेच्या पट्ट्यात अडकलं. १९८५ मध्ये पूर्व जर्मन सरकारनं ते सुरुंग लावून पाडलं. २००० साली त्याच जागी छोटं प्रार्थनाघर झालं, भिंती चोपलेल्या मातीच्या, त्यात जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे. तिथं दुपारच्या प्रार्थनेत बर्लिनच्या त्या भिंतीपाशी जीव गेलेल्या एकेकाची हकीकत नावासकट वाचतात. तो कोण होता, कुठं, कसा मेला. ते ऐकताना घड्याळाकडं कोण बघेल?