ब्लेंडरमध्ये समुद्री कासवाचा शॉट करतोय, पण पाणी वाटतच नाही. सल्ला हवाय

राजारामपुरी_रेंडर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात घरूनच ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर कामं करतो. कोकणातल्या कासवांवर ओळखीच्या एका ग्रुपसाठी छोटी माहितीफीत करतोय. पैसे नाहीत, पण काम मनापासून करायचंय. त्यात १२ सेकंदांचा एक शॉट आहे: ऑलिव्ह रिडले मादी श्वास घ्यायला वर निघालीय, पाण्यातून ऊन उतरतंय, मागं बारक्या माशांचा थवा. कॅमेरा खालून वर बघतोय.

मॉडेल, रिग (ते हलवायचा सांगाडा) झालं. निळं व्हॉल्यूम (पाण्याचा धूसरपणा), वर लाटा, उन्हाचे झोत, बुडबुडे, सगळं टाकलंय. तरी बायकोनं बघितल्या बघितल्या विचारलं, "हे उडतंय का?" तेव्हापासून मलाही ते हवेतच दिसायला लागलंय. दुसरी अडचण म्हणजे एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे तिचं पक्कं चित्र तयार व्हायला, ९ मिनिटं लागतात. ३०० फ्रेम म्हणजे ४५ तास, आणि वळवाच्या दिवसांत आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. प्रिव्ह्यू जोडलाय. कुठून सुरुवात करू?

पंचगंगाकाठ
वहिनींनी नेमकं पकडलंय. पण "उडणं" ही तुझी चूक नाही. समुद्री कासव खरंच पाण्यात उडतं. पुढचे दोन्ही वल्ह्यासारखे पाय एकाच वेळी वर-खाली होतात, पक्ष्याच्या पंखासारखे, आणि मागचे पाय सुकाणूचं काम करतात. ते मोडू नकोस.

चुकतंय ते वजन. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट असतं. तुझ्या प्रिव्ह्यूमध्ये पाय हलतायत आणि अंग मात्र रुळावरून चालल्यासारखं एकाच वेगानं पुढं जातंय. ग्राफ एडिटर (हालचालीचा आलेख) उघडून बघ, पुढं जाण्याची रेघ सरळ असणार. ती पायऱ्यांसारखी हवी. पाय खाली दाबला की अंग पुढं सरकतं, मग घसरत जातं, पाणी त्याला हळूहळू अडवतं, आणि पुरतं थांबायच्या आत पायाचा पुढचा फटका येतो. पायाचं टोक खांद्याच्या दोन-तीन फ्रेम मागून येऊ दे, जाताना वाकलेलं, परतताना उलट वाकलेलं. डोकं शक्यतो स्थिर ठेव. या एवढ्यावर एक दिवस घाल. लाईट, रंग, काही बघू नकोस, साध्या राखाडी मॉडेलवर कर. राखाडीत पाणी जाणवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आणि मागचे पाय आळीपाळीनं का मारतोयस? संदर्भ कुठला घेतला?

राजारामपुरी_रेंडर
मामाच्या गावच्या विहिरीतल्या कासवाचा व्हिडिओ होता माझ्याकडं, त्यावरून घेतलं.

पंचगंगाकाठ
मग तिथंच घोळ आहे. गोड्या पाण्यातलं कासव चालल्यासारखं पोहतं, तिरक्या जोडीतले (पुढचा डावा-मागचा उजवा असे) पाय आळीपाळीनं मारत. त्याला पडदे असलेले पंजे असतात, वल्ही नसतात. विहिरीचा व्हिडिओ बाजूला ठेव आणि समुद्रातले बघ, आवाज बंद करून, एकेक फ्रेम पुढं सरकवत.

तारकर्लीवारी
मी दर वर्षी पावसाळा सोडून मालवणकडं डायव्हिंगला जाते, त्यामुळं रंगावर बोलते. तुमचं निळं पाणी जाहिरातीतल्या बेटांचं आहे. आपल्या किनाऱ्याचं पाणी हिरवट असतं, त्यात गाळ आणि सूक्ष्म जीव भरपूर, कधी कधी चार-पाच मीटरपलीकडचं धूसर होऊन जातं. माहितीफीत कोकणावर आहे तर पाणीही कोकणातलंच दाखवा ना.

पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. पाच-सहा मीटर खाली उतरलं की माझा लाल फिन (पोहताना पायात घालायचं वल्हं) तपकिरी दिसायला लागतो. आणि हे फक्त खोलीचं नाही. कॅमेरा आणि कासव यांच्यामधलं पाणीसुद्धा तेवढाच रंग खातं. त्यामुळं कासव जवळ असताना त्याच्या पाठीवर थोडी ऊब दिसेल, लांब गेलं की ते हिरवट सावलीसारखं होईल. तुमच्या शॉटमध्ये लांबचे मासेसुद्धा जवळच्या माशांइतकेच ठसठशीत आहेत, म्हणून पाणी गायब झालंय.

बुडबुडे काढा. कासव श्वास रोखून असतं आणि मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, मग बुडबुडे कोणाचे? त्याऐवजी तरंगणारे बारीक कण टाका, अगदी कमी, आणि सगळे एकाच संथ झोक्यात हलू द्या. माझ्या मते निम्मं काम हे कण करतात.

शाहूपुरी_कॉम्प
रेंडरचं मी सांगते. व्हॉल्यूम वर्ल्डला, म्हणजे सीनच्या सगळ्या पार्श्वभूमीला, जोडलंय का? मग सूर्याचा प्रकाश आत येतच नाही, म्हणून तुला इतके दिवे लावावे लागलेत. वर्ल्डचं व्हॉल्यूम काढ आणि सीनभोवती मोठा डबा करून त्याला व्हॉल्यूम दे. त्यातही फक्त उन्हाचे झोत वेगळ्या लेयरवर कमी रिझोल्यूशनमध्ये रेंडर कर. ते मुळातच मऊ असतात, फरक दिसत नाही. धूसरपणा कॉम्पोझिटिंगमध्ये (रेंडरनंतर थर जुळवताना) मिस्ट पासवरून (वस्तू किती लांब आहे ते सांगणारा थर) आण, आणि वरच्या ताईंनी सांगितलं तसं लाल चॅनेल आधी उतरव, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात शेवटी.

पाठीवरच्या उन्हाच्या जाळीसाठी खरे कॉस्टिक्स मोजू नकोस. वर उंच एक स्पॉट लाइट ठेवून त्याला व्होरोनोई टेक्स्चर (पेशींसारखी जाळी) जोड, ४डी करून डब्ल्यूची किंमत हळू पुढं सरकव म्हणजे जाळी हलेल, झालं. दोन गोष्टी सांभाळ. जाळी फक्त वरून पडते, पोटावर नाही. आणि पृष्ठभागाजवळ ती धारदार असते, खोलात पुसट. तुझं कासव खालून वर येतंय, म्हणजे शॉट सुरू होताना जाळी जेमतेम दिसावी आणि शेवटी पाठीवर नाचावी. सगळ्या शॉटमधली मला आवडलेली गोष्ट हीच असेल.

माशांसाठी बॉइड्स (थवा आपोआप चालवणारी पद्धत) वापर, ब्लेंडरच्या पार्टिकलमध्येच आहेत. क्रेग रेनॉल्ड्सनी १९८७ मध्ये मांडलेले तीनच नियम: शेजाऱ्याला धडकू नका, तो जातो त्याच दिशेनं चला, घोळक्यात राहा. फक्त सगळ्यांच्या शेपट्या एका तालात हलू देऊ नकोस. आणि रेंडर थेट व्हिडिओत नको, सुट्या फ्रेम सेव्ह कर. लाईट गेली तर गेलेली एक फ्रेमच पुन्हा करावी लागेल.

कळंब्याचा_पोहणारा
मला सॉफ्टवेअरातलं काय कळत न्हाई, पण पाण्यातलं सांगतो. भावा, दुपारी बाराला स्वच्छ पाण्याच्या विहिरीत उतर. चांगलं पोहणारं माणूस संगं घेऊनच जा, एकट्यानं अजिबात न्हाई. बुडी मारून, श्वास धरून वर बघ. आभाळ सगळीकडं दिसत न्हाई. डोक्यावर एक गोल खिडकी दिसती, तिच्यात विहिरीचा काठ, झाड, सगळं गोळा होऊन बसलेलं असतंय. खिडकीच्या बाहेर नुसता आरसा, पाण्यातलंच उलटं दिसतंय. तुझ्या चित्रात आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हाय, म्हणून मला ते काचेच्या छतासारखं वाटलं.

शाहूपुरी_कॉम्प
लई भारी सांगितलंत दादा. याला स्नेलची खिडकी म्हणतात, साधारण ९७ अंशांची. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ ठेवला की ती आपोआप येते. @राजारामपुरी_रेंडर, तुझा लाटांचा पृष्ठभाग नुसता पारदर्शक असणार, तपास.

राजारामपुरी_रेंडर
तपासलं, पारदर्शकच होता. चार दिवस याच्यावर बसलो. खिडकी आली आणि कासव बरोबर तिच्या कडेवरून आत शिरतं असं केलंय, त्यामुळं शेवटी ते काळ्या आकारात दिसतं. दादा, रविवारी मित्राला घेऊन विहिरीवर गेलो होतो, तसंच दिसलं. पुढं सरकण्याची रेघ पायऱ्यांची केली, हिरवट रंग आणला, बुडबुडे गेले. आता फ्रेमला २ मिनिटांच्या आत लागतंय. एकच राहिलंय, पाठ प्लॅस्टिकची वाटते. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) बदलून बघितली, फरक नाही.

तारकर्लीवारी
पाठ मिरर मॉडिफायरनं केलीय ना? रिडलेच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या खवल्यांच्या जोड्या इतर समुद्री कासवांपेक्षा जास्त असतात, बहुधा सहा किंवा त्याहून अधिक, आणि दोन्ही बाजूंची संख्या सारखी असेलच असं नाही. तुमच्याकडं दोन्हीकडं पाच-पाच दिसतायत, आरशात काढल्यासारखे. शिवाय एवढी वाढलेली मादी, तिच्या पाठीवर थोडं शेवाळ, एखादा ओरखडा, चिकटलेले दोन-चार शिंपल्यासारखे बार्नेकल हवेतच.

राजारामपुरी_रेंडर
मिररच होता, काढला. उजवीकडं सहा, डावीकडं सात केले आणि डाव्या कडेला एक जुना ओरखडा दिला. बायकोला पुन्हा दाखवलं. तिनं विचारलं, "ही अंडी घालून आलीय का?" रेंडर आज रात्री लावतोय.