जाहिरातीत रिमोट, फोनवर हिंजवडी! आधीच ओळखायचं कसं?

सांगलीकर_जावा
जावा बॅकएंडला चार वर्षं झाली, घरच्यांमुळे सांगली सोडणं शक्य नाही म्हणून फक्त रिमोटच, म्हणजे पूर्ण घरून काम, बघतोय. लिंक्डइनला रिमोटचा फिल्टर लावून अप्लाय करतो आणि एचआरचा फोन आला की "सर, तीन दिवस हिंजवडी ऑफिस, बाकी फ्लेक्झिबल". अरे मग रिमोट कशाला टाकता?? अप्लाय करायच्या आधीच कळायला काही मार्ग आहे का?

क्यूएवाली_ताई
फिल्टरच्या भरवशावर राहू नकोस रे, ऑनसाइट, हायब्रिड (काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून) की रिमोट यातलं काय ते जाहिरात टाकणाराच निवडतो, आणि रिमोट टाकलं की अर्जांचा पाऊस पडतो हे त्यांना पक्कं माहितीय. जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं वर्णन) शेवटपर्यंत वाच, कंट्रोल एफ मारून हायब्रिड, ऑफिस, रिलोकेट शोध. 'सध्या रिमोट' किंवा 'पुण्यातल्यांना प्राधान्य' दिसलं की समजायचं, आज ना उद्या बोलावणार.

रात्रपाळी_कोथरूड
ताईंशी सहमत, पण नुसतं शहराचं नाव दिसलं म्हणून लगेच सोडू पण नको, रिमोट पोस्टलाही लोकेशन भरावं लागतं, त्यामुळे 'पुणे (रिमोट)' खरोखरचं रिमोट असू शकतं. 'रिमोट, यूएस' मात्र सोड, त्यांना तिथे राहणारा आणि तिथे काम करायची परवानगी असलेलाच माणूस हवा असतो. आणि ईस्टर्न टाइमचा (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) ओव्हरलॅप, म्हणजे त्यांच्या वेळेत थोडं काम, मागितला तर घरी आधी सांगून ठेव, त्यांचे सकाळचे 9 म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात 😅

लेखी_घ्या
जाहिरातीचं सोडा, ऑफर लेटरमध्ये वर्क लोकेशन काय लिहिलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी 'कंपनी गरजेनुसार कुठेही बदली करेल' अशी एक ओळ असतेच, म्हणून किती दिवस ऑफिस हे एचआरकडून मेलवर घ्यायचं. तरी गॅरंटी नाहीच म्हणा, टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून पाच दिवस केले, अमेझॉनने जानेवारी 2025 पासून. मी तर पहिल्याच कॉलला विचारतो की टीम कुठे बसते. सगळे पुण्यात आणि तू एकटाच सांगलीत असशील तर पॉलिसी बदलली की पहिला फोन तुलाच.

सांगलीकर_जावा
हे भारी, उद्या एका खराडीवाल्यांचा कॉल आहे, विचारतोच. त्यांनी 'तीन महिन्यांतून एकदा टीम मीट' लिहिलंय, चालेल ना?

क्यूएवाली_ताई
चालेल की. फक्त जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कोण देणार ते विचारून घे.